चोथ्याशिवायचा नारळ

"मला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला पुन्हापुन्हा सूज येते. माझं लहान आतडं शेवटाकडे अरुंद झालंय. त्यामुळे नारळ, शेंगदाणे, मक्याचे दाणे सगळं बंद. पण नारळाची चव मला फार आवडते गं. तुला त्यातलं कळतं, मला खाता येतील अशा कुकीज जमतील का तुला?"

माझी सहकारी हे ऑफिसातल्या किटलीपाशी बोलली, तेही आवाज न उतरवता. शेजारी आमचा मॅनेजर कपात दूध ओतत होता. त्याच्या बहिणीला कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह आहे, असं त्यानं सांगितलं. मग कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीनं मोठं आतडं तपासण्याच्या) आधी प्यावं लागणारं औषध किती भयंकर लागतं यावर दोघांच्या गप्पा रंगल्या. मी आपली चहाची पिशवी कपात खालीवर करत राहिले.

इंग्लंडमधल्या लीड्सला येऊन बरीच वर्षं झाली, तरी हे मला पचत नाही. (हो, पचत नाही. दुसरा शब्द सुचेना.) पाऊस, रांगा, पाचला बंद होणारी दुकानं, सगळ्याची सवय झाली. पण कारकुनापासून साहेबापर्यंत कुणीही आतड्याबद्दल गुडघेदुखीइतक्या सहज बोलावं?

त्यानंतर मला पाट्या दिसायला लागल्या. त्या आधीही होत्या, मी वाचल्या नव्हत्या. सुपरमार्केटमधल्या, स्टेशनवरच्या अपंगांसाठीच्या टॉयलेटच्या दारावर लिहिलेलं असतं: प्रत्येक अपंगत्व दिसतंच असं नाही. 'क्रोन्स अँड कोलायटिस यूके' या संस्थेनं पाठपुरावा करून त्या लावून घेतल्या. धडधाकट दिसणारी तरुण मुलगी त्या दारातून बाहेर आली की लोक तिला सुनवायचे, म्हणून. ही संस्था सभासदांना एक कार्डही देते. ते दाखवलं की बऱ्याच दुकानांत स्टाफचं टॉयलेट उघडून देतात, कारण विचारत नाहीत. शिवाय 1981 पासून इथे रडार की नावाची एक किल्ली आहे, देशभरातली हजारो कुलूपबंद टॉयलेटं त्या एकाच किल्लीनं उघडतात. सहकारीच्या पर्समध्ये घराच्या किल्लीला अडकवलेली असते. मी ती हातात घेऊन पाहिली: चांगली जाडजूड, मोठ्या डोक्याची. ब्रिटनमध्ये क्रोन्स किंवा कोलायटिस असलेले लोक पाच लाखांहून जास्त आहेत. इतक्या लोकांसाठी कुणीतरी संडासाच्या दाराचा एवढा बारीक विचार केला, याचं मला पुलांपेक्षा आणि राजवाड्यांपेक्षा जास्त कौतुक वाटतं.

आता लगेच "नाहीतर आपल्याकडे" म्हणू नका. माझ्या मावसभावाला हाच आजार आहे आणि घरात त्याचं नाव 'पोटाचं थोडं' एवढंच आहे. पण त्याला कुणापुढे तोंड उघडावं लागत नाही. तो ताटावर बसायच्या आत त्याचं वेगळं झालेलं असतं, आणि मावशीनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढलेला नाही. इथे एकट्यानं राहणाऱ्या माणसानं सांगितलंच नाही, तर कळणार कुणाला? हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणतेय की खरंच तसं आहे, ते तुम्ही ठरवा. लग्नाकार्यात तो अर्ध्यातून का उठून जातो हे मात्र तिथेही कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही, हे मला माहीत आहे.

असो. कुकीज.

'नारळाच्या पौष्टिक, पोटाला सौम्य कुकीज' शोधलंत तर निम्म्या पाककृतींत नारळाचं पीठ सापडेल. दूध काढून उरलेला चोथा वाळवून दळला की ते पीठ होतं. शंभर ग्रॅममध्ये तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तंतू. ज्याचं आतडं शांत आहे आणि कुठे अरुंद नाही, त्याला ते चालेलही. पण अरुंद जागेत न पचणारा चोथा अडकण्याची भीती असते, म्हणूनच डाएटिशियन अशा रुग्णाला कीस, दाणे, बिया बंद करायला सांगतात. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

मग चव आणायची कुठून? दुधातून आणि तेलातून. नारळ खवून, कोमट पाण्यात फिरवून, फडक्यातून पिळून काढायचा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फडकं मात्र दुहेरी घ्या, एक कणही खाली उतरायला नको. इथला डबाबंद पर्याय घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. काही डब्यांत ई 466 म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज हा दाटपणा आणणारा पदार्थ असतो. 2015 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात त्यानं आतड्यातले जिवाणू बदलून दाह वाढलेला दिसला होता. माणसांच्या बाबतीत वाद मिटलेला नाही, पण नारळ आणि पाणी एवढंच लिहिलेला डबा मिळतो, तर तोच का घेऊ नये?

दोनशे ग्रॅम मैदा (हो, मैदाच, इथे कोंड्याचं कौतुक नको), सत्तर ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. त्यात ऐंशी ग्रॅम खाण्याचं खोबरेल. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात जवळजवळ बाराही महिने दगड. चमच्यानं खरवडून पिठात बोटांनी चोळायचं, ओल्या वाळूसारखं दिसेपर्यंत. मग नारळाचं घट्ट दूध चमच्याचमच्यानं घालत गोळा जमवायचा, मळायचा नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये, मग पातळ चकत्या. पंखा असलेल्या ओव्हनला 160 अंश, बारा ते चौदा मिनिटं. कडा जेमतेम पिवळसर झाल्या की बाहेर. गरम असताना मऊ लागतात, हात लावू नका, जाळीवर कडक होतात.

डब्यावर मी सगळे घटक लिहून चिठ्ठी लावली. घरून आणलेल्या खाऊला कायद्यानं ती लागत नाही. 2021 पासून लागू झालेला नताशाचा कायदा (दुकानातच बनवून बांधलेल्या खाण्यावर सगळे घटक लिहायला लावणारा) विकणाऱ्यांसाठी आहे, आणि सांगणं बंधनकारक असलेल्या चौदा ॲलर्जीकारक पदार्थांत नारळ नाहीच. गहू आहे. तरी लिहिलं, कारण सहकारी पहिल्यांदा चिठ्ठी वाचते, मग डबा उघडते. तिनं एक खाल्ली, बाकीच्या झाकून ठेवल्या. नवीन काही असेल तर एकच, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, हा तिचा नियम. आजार उसळलेला असेल तेव्हा याही नाहीत, हे तिनं आधीच बजावलं होतं.

मावसभावाला फोटो पाठवला. त्यानं लगेच कृती मागितली, आणि पाठोपाठ दुसरा मेसेज: ग्रुपवर टाकू नकोस. त्याचं आतडं अरुंद आहे का, हे मला विचारायचं होतं. विचारलं. पहिल्यांदाच. चांगली पाऊण तास बोललो, बहुतेक वेळ औषधांबद्दल. कुकीज करण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचार, एवढं सांगून फोन ठेवला.