सूतगिरणीच्या जागेवर गोदाम

जालन्याजवळ एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या जागेवर सध्या आमचं मोठ्या गोदामाचं काम चालू आहे. साइट इंजिनीअर म्हणून माझी आधीची बहुतेक कामं कोऱ्या रानात झाली. तिथं काळी माती उकरायची, मुरूम भरायचा, रोलर फिरवायचा आणि पायाला हात घालायचा. इथं जमिनीखाली अख्खी गिरणी पुरलेली आहे. यंत्रांचे जुने पाये, केबलचे चर, हौद. नकाशा मात्र एकही हाती लागला नाही.

गिरणीत फिटर असलेले एक काका अधूनमधून गेटपाशी येऊन उभे राहायचे. त्यांना आत बोलावलं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, लिंबाच्या झाडापासून पावलं टाकली आणि टाचेनं मातीत रेघ ओढली. "साहेब, हौद व्हता इथं. आगीसाठी पाणी ठेवायचे. वरून माती लोटली, आतून पोकळच हाये." जेसीबी लावला तर खरंच खाली स्लॅब आणि स्लॅबखाली पोकळी. आमची रॅकची रांग नेमकी त्यावरून जाणार होती.

गोदामाचा फ्लोअर साधारण चौरस मीटरला ५ टन वजन धरून करतात आणि रॅकच्या एकेका पायाखाली भार एकवटतो तो वेगळाच. खाली फ्लोअर थोडा जरी खचला तरी दहा मीटर उंचीवर रॅक चांगलाच कलतो, आणि त्याखालून फोर्कलिफ्टवाली पोरं दिवसभर ये-जा करणार. म्हणून हौद तळापर्यंत मोकळा केला, थरावर थर मुरूम दाबला, प्रत्येक थराची घनता तपासूनच पुढचा टाकू दिला. फोडलेलं काँक्रीट क्रशरमधून काढून आतल्या रस्त्याच्या भरावाला वापरलं. छताचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे होते. मजूर ते वरून खाली टाकायला निघाले, तेव्हा मी काम थांबवलं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की आयुष्यभर निघत नाही. सगळे पत्रे ओले करून, अख्खे उतरवले.

यात वेळ गेला, पैसा गेला. रानातली जमीन घेतली असती तर स्वस्त पडलं असतं, असं मला सारखं ऐकवलं जातं. पडलं असतंच. पण जुलै २०१७ मध्ये राज्याराज्यांतले वेगवेगळे कर जाऊन देशभर जीएसटी आला, तेव्हापासून राज्याराज्यांत लहान गोदामं ठेवण्यापेक्षा मोक्याच्या जागी एकच मोठं बांधणं कंपन्यांना परवडतं. त्यात ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो. गोदामं येतच राहणार. दर वेळी कपाशीचं नाहीतर मोसंबीचं रान का द्यायचं? बंद गिरण्या, बंद साखर कारखाने मराठवाड्यात जागोजागी पडून आहेत. रस्ता तिथवर गेलेला आहे, विजेची लाइन आलेली आहे.

फक्त अशा कामाच्या टेंडरमध्ये जमिनीखालच्या शोधासाठी वेगळी रक्कम आणि वेगळी मुदत धरली पाहिजे. आणि गावातल्या जुन्या कामगारांना पहिला खड्डा घेण्याआधी बोलवायला हवं, तेही रोजगार देऊन. आमच्या काकांचं नाव मी हजेरीपटावर लावून घेतलं आहे.