जेवून उठल्यावरचं चालणं आणि माझी शुगर

गेल्या वर्षी चेकअपमध्ये एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, ८.१ आला. ६.५ पासून पुढे डायबेटिस धरतात, त्यामुळे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगर कमी करायच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला आणि लागोपाठ दोन दिवस खाडा करू नका. का ते मी विचारून घेतलं. तर व्यायामानंतर शरीर इन्सुलिनला चांगली दाद देतं पण हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, म्हणजे रविवारी सिंहगड चढून आलात आणि पुढे आठवडाभर खुर्चीत, तर बुधवारपर्यंत फायदा संपला.

पण मला खरं पटलं ते ग्लुकोमीटरमुळे, म्हणजे घरी शुगर मोजायच्या मशीनमुळे. जेवण तेच, दोन पोळ्या, भाजी, थोडा वरणभात. जेवून तसंच टीव्हीसमोर बसलो की दोन तासांनी शुगर २१० च्या आसपास, आणि उठून पंधरा-वीस मिनिटं सोसायटीत फेऱ्या मारल्या की १६०-१७०. प्रत्येकाचे आकडे वेगळे येणार, तरी एकदा मोजून बघाच. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर अवलंबून राहावं लागत नाही, आणि आपलं तर इन्सुलिनच नीट काम करत नाही, म्हणून मला ही गोष्ट इतकी मोलाची वाटते.

नंतर आठवड्यातून दोनदा वजनंही उचलायला लागलो. जोर लावून व्यायाम झाला की लगेच शुगर कधीकधी वाढलेली दिसते, कारण लिव्हर साखर सोडतं. ती थोड्या वेळाने खाली येते, घाबरू नका.

जपायचं ते उलट बाजूने. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालून शुगर जास्तच उतरू शकते. मला एकदा संध्याकाळी चालताना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, घरी येऊन मोजली तर ६४. ७० च्या खाली म्हणजे वाट बघत बसायचंच नाही, लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायलो, पंधरा मिनिटांनी परत मोजली. डॉक्टरांनी मग ती गोळी आधी कमी केली, पुढे बंदच केली. तेव्हापासून खिशात ग्लुकोज असतंच.

आता एचबीएवनसी ६.७ आहे, मेटफॉर्मिन चालूच आहे. गोळ्या मनाने सोडू नका प्लीज, आणि पायाला मुंग्या येत असतील तर चालणं सुरू करायच्या आधी पाय दाखवून घ्या.