भीमाशंकरच्या सावलीतलं चिकट गवत

ऑक्टोबरमध्ये भीमाशंकरला गेलो ते शेकरू बघायला. देवदर्शनाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रांग, धक्के, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी ओरडणारे दुकानदार आणि जिथे तिथे चिप्सची रिकामी पाकिटं. मला गर्दी मुळातच सोसत नाही. शेकरूही दिसलं, पण इतक्या उंचावर की शेपटीच काय ती नीट बघायला मिळाली. 1985 साली हे अभयारण्य झालं ते या प्राण्यासाठी, तरी घरी आल्यापासून मी भेटेल त्याला सांगतेय ती गोष्ट माझ्या सलवारीला चिकटलेल्या गवताची.

गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर झाडी दाट होते तसं खालचं गवतही बदलतं. बाहेर उघड्यावर कुसळी गवत, पिवळं पडत चाललेलं. त्याची कुसळं मोज्यात घुसून दिवसभर टोचत राहतात. आत जांभूळ-अंजनीच्या सावलीत शिरलं की ते संपतं आणि जमिनीवर बांबूच्या पिल्लांसारखं काहीतरी पसरलेलं दिसतं. पान बोटभर, मधे रुंद, टोकाला निमुळतं, कडांना बारीक चुण्या. इतकं मऊ की मी त्यातच बसून डबा खाल्ला. उठले तर गुडघ्यापासून खाली सलवार हिरव्या दाण्यांनी भरलेली. टोचत एकही नव्हता. झटकले तर हलेनात, ओढले तर बोटांना चिकटले.

बरोबरची मैत्रीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मी वैतागलेली आणि ती खूश! "अगं, ऑप्लिस्मेनस कॉम्पोझिटस!" म्हणत तिने माझ्याच पायाशी बसकण मारली. मग भिंगातून दाखवलं. प्रत्येक दाण्याला कुसळ आहेच, पण गुळगुळीत, आणि त्यावर चिकट रस. कुसळीचं बी टोचून रुतून बसतं, हे चिकटून. इथे झाडांखाली वाऱ्याची झुळूकही येत नाही, तेव्हा बी जायचं ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर बसून. भेकर असो, कुत्रा असो, नाहीतर मी.

वाढायची तऱ्हाही तशीच. त्याची काडी जमिनीलगत सरपटत जाते, जिथे पेर मातीला टेकतं तिथे मुळं फुटतात, आणि तुरा यायच्या वेळी तेवढं टोक वर उठतं. पानं आडवी पसरतात, फांद्यांतून गळून येईल तेवढा उजेड झेलायला. बाजरी याची नातेवाईक, पण तिची आणि कुसळीची अन्न तयार करण्याची पद्धत रणरणत्या उन्हात जोर धरणारी, सी-4. हे मात्र भात-गव्हासारखं सी-3. कमी उजेडात तेच परवडतं, असं मैत्रिणीचं म्हणणं. वरची झाडं तुटून ऊन थेट खाली आलं तर याची जागा बाहेरची गवतं घेतात. म्हणजे हे दिसलं की डोक्यावर सावली शाबूत आहे असं समजायचं. वाटेच्या कडेला ते कुठे कुठे तुटक होत गेलं होतं, ते मग मला दिसायला लागलं. शेकरू राहिलं बाजूला, मी उरलेली वाट खाली मान घालून चालले.

सगळे सांगतात, भीमाशंकरला पाऊस सरल्यावर जा. जा, पण सुती सलवार घालू नका. पार्किंगमध्ये मी कंगव्याने सलवार विंचरत उभी होते, तेव्हा शेजारच्या गाडीतल्या काकूंनी, "काही चावलं का हो?" म्हणून काळजीने विचारलं आणि हळद देऊ केली. देवळापाशी धक्के खाल्ल्यावर हे फार बरं वाटलं.

रात्री फोटो बहिणीला पाठवला. ती अमेरिकेत मेरीलँडला असते. तिचा पहिला प्रश्न, "उपटलंस ना?" याच्याच एका चुलतभावाने, ऑप्लिस्मेनस अंड्युलेटिफोलियसने, तिच्याकडे उच्छाद मांडलाय. 1996 मध्ये तिथल्या पटॅप्स्को व्हॅली स्टेट पार्कात ते पहिल्यांदा सापडलं, आणि फिरणाऱ्यांच्या कपड्यांना, कुत्र्यांच्या केसांना चिकटून पसरत गेलं. झाडांखाली त्याची इतकी दाट चटई होते की तिथल्या मूळच्या रोपांना डोकं वर काढता येत नाही. स्वयंसेवक जाऊन हाताने उपटतात. बहीण जंगलातून आली की कुत्र्याचे पाय आणि पोट तपासल्याशिवाय त्याला गाडीत घेत नाही.

मी म्हटलं, बाई, इथे ते घरचंच आहे. काही उचलायचंच असेल तर पायऱ्यांवरच्या पाकिटांपासून सुरुवात करू.