आत्याच्या चष्म्यात फक्त पायरी हवी

माझ्या आत्याला भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचता येते, पण पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही. लोकांना हे पटत नाही. "वाचता येतंय म्हणजे दिसतंय की!" असं लग्नकार्यात तिच्या तोंडावर बोलतात. ती गप्प बसते. मला फार राग येतो.

आपल्याकडे माणूस एक तर डोळस, नाही तर आंधळा. मधल्यांना कायद्यात तरी जागा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 च्या वर जात नसेल (म्हणजे निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसत असेल) किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर न हलवता दिसणारा पट्टा, 40 अंशांहून कमी असेल, तर ती अल्पदृष्टी. क्षेत्र 10 अंशांच्याही खाली गेलं की अंधत्व. आत्या या मधल्या पट्ट्यात आहे.

तिचा आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा. कमी उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी मरतात, म्हणून सुरुवात रातांधळेपणानं होते. मग बाजूची नजर कमी कमी होत जाते आणि मधली तेवढी उरते. आमचे आजी-आजोबा आत्या-मामाची लेकरं. बऱ्याच घरांत हा आजार आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आल्यावरच दिसतो, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. मामाची पोरगी करायची चाल मराठवाड्यात अजून आहे. लग्न जुळवणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं, की घरात कुणाला दिवे लागल्यावर दिसायचं बंद होतं का.

मी छत्रपती संभाजीनगरला एम्बेडेड सॉफ्टवेअरचं, म्हणजे यंत्रांच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचं, काम करते. दोन मैत्रिणींसोबत आत्यासाठी ऑगमेंटेड रिॲलिटीचा, म्हणजे समोरच्या दृश्यात संगणकाच्या खुणा मिसळून दाखवणारा, चष्मा तयार करतेय आणि परभणी जिल्ह्यातल्या सेलूला तिच्या घरी जाऊन तो तपासतेय.

असे चष्मे मुख्यतः दोन तऱ्हेचे. एकात डोळ्यांपुढे पडदा असतो आणि कॅमेऱ्यातलं चित्र त्यावर येतं. चित्र मोठं करता येतं, काळ्यावर पिवळं करता येतं. बसून वाचायला तो उत्तम. पण चालताना चित्र जरा जरी मागं राहिलं तरी पाऊल चुकतं, आणि आत्याची उरलेली नजरही पडद्यामागं झाकली जाते. दुसऱ्यात काच पारदर्शक असते आणि खऱ्या दृश्यावर उजेडाच्या रेघा उमटतात. आम्ही हा घेतला. त्याची अडचण अशी की काच उजेड फक्त वाढवू शकते, काळं काही काढू शकत नाही. मे महिन्यात सेलूच्या अंगणात दुपारी बाराला त्या रेघा पुसल्यासारख्या होतात. म्हणून बाहेरच्या बाजूला गडद काच बसवली. पण घरात शिरताच ती काढावी लागते, कारण अंधार हाच तर आत्याचा खरा शत्रू.

आत्याच्या घराला ओसरी आहे आणि तिच्यापुढं तीन पायऱ्या, सगळ्या शहाबादी फरशीच्या. वरची पायरी आणि खालची पायरी एकाच राखी रंगाची. रंगावरून कड शोधणाऱ्या प्रोग्रामला तिथं काहीच सापडत नाही. अंतर मोजणारा कॅमेराच लागतो. इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड, समोर फेकून अंतर मोजणारे कॅमेरे घरात छान चालतात, पण उन्हातच इतकं इन्फ्रारेड असतं की कॅमेऱ्याचं स्वतःचं त्यात बुडून जातं. दोन कॅमेऱ्यांनी आपल्या डोळ्यांसारखं अंतर काढावं, तर चुन्याच्या कोऱ्या भिंतीवर त्यांना धरायला खूण मिळत नाही. सध्या दोन्ही ठेवलेत आणि उजेडाप्रमाणे अदलाबदल होते.

मग प्रश्न आला, काय दाखवायचं? एका बटणावर दारं, माणसं, खाट, सगळ्यांच्या कडा. दुसऱ्या बटणावर फक्त जिथं जमीन खाली जाते ती कड. आत्यानं दोन्ही लावून पाहिले. पहिल्यावर म्हणाली,

"ह्याच्यात नुसत्या रेघाच रेघा दिसायल्यात. पायरी कुठली अन् खाट कुठली?"

दुसऱ्या बटणावर ती ओसरीवरून भिंतीला हात न लावता उतरली. तेव्हापासून आमचं सगळं लक्ष काय गाळायचं यावर आहे.

बॉस्टनचे संशोधक एली पेली यांनी 2001 च्या सुमारास बोगद्यासारखी नजर असलेल्यांसाठी एक कल्पना मांडली होती: आजूबाजूच्या मोठ्या दृश्याची लहान केलेली रेखाकृती उरलेल्या नजरेवर ठेवायची. बस स्टँडवर कोण आडवं येतंय हे कळायला ती मला पटते. पायरी उतरायला नाही. लहान केलेली पायरी खऱ्या पायरीच्या जागी बसत नाही. 2019 मध्ये कॉर्नेल टेकच्या गटानं जिन्यांवर काम केलं. चष्म्यात चित्र उमटायची जागा लहान असल्यानं प्रत्येक कड रंगवण्याऐवजी त्यांनी माणूस जिन्यावर कुठं आहे ते चमकेतून सांगितलं. ते वाचल्यावर आम्हीही पहिल्या आणि शेवटच्या पायरीलाच वेगळा रंग दिला.

वजनाचा प्रश्न आमच्याकडे वेगळाच. मायक्रोसॉफ्टचं होलोलेन्स 2, म्हणजे डोक्यावर बांधायचं असंच यंत्र, भरतं 566 ग्रॅम. आत्याच्या डोक्यावर कायम पदर, केसांना तेल. डोक्याभोवतीचा पट्टा पदरावरून बांधला तर घसरतो, पदराखालून बांधायचा तर चारचौघांत पदर काढावा लागतो, आणि ते ती करणार नाही. तिनं करावं असं मला वाटतही नाही. म्हणून बॅटरी आणि प्रोसेसर तिच्या कमरेच्या बटव्यात, वायर पदराखालून, आणि नाकावर फक्त काच व कॅमेरे.

ओसरीच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या ऑइल पेंटचा पट्टाही मारून घेतला. अल्पदृष्टीचं माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांनी तो आजच मारावा, चष्म्याची वाट बघू नये. चष्मा हवा तो परक्या जागी: सेलूचं स्टेशन, देवळाचा ओटा, पाहुण्यांचं घर.

शेजारच्या काकांचं मात्र उलटं आहे. त्यांची मधली नजर मॅक्युलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या) आजारानं गेली, बाजूची शाबूत आहे. पायऱ्या ते सहज उतरतात, समोरच्याचा चेहरा ओळखत नाहीत. आत्याचा चष्मा त्यांच्या काही कामाचा नाही. त्यांना वाचायचा असतो एसटीचा बोर्ड, आणि तिथं कडा काढल्या की देवनागरीच्या मात्रा-वेलांट्या एकमेकींत मिसळतात. अक्षर मोठं करून काळ्यावर पिवळं केलं तरच लागतं. त्यांच्यासाठी पडद्याचा चष्माच घ्यावा लागणार. परभणी-जालना भागात असं कुणी असेल आणि तपासून बघायची तयारी असेल, तर मला कळवा. आम्ही घरी येऊ.