‘इन्व्हेड’ केव्हा म्हणावे?

इंग्रजी शिकवत असल्यामुळे मला वारंवार विचारले जाते की ‘अटॅक’ आणि ‘इन्व्हेड’ या दोन्ही क्रियापदांपुढे शब्दकोशात ‘आक्रमण करणे’ असेच दिलेले असेल, तर एकाच्या जागी दुसरे वापरायला हरकत काय? माझ्या मते हरकत मोठी आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले, जहाजे बुडवली आणि ती परत गेली. तो ‘अटॅक’ होता. त्याच सुमारास जपानी सैन्य मलायाच्या किनाऱ्यावर उतरले आणि सिंगापूरच्या दिशेने सरकू लागले, तेथे मात्र ‘इन्व्हेड’ हेच क्रियापद हवे. हल्ला दुरूनही करता येतो, पण ‘इन्व्हेड’ करण्यासाठी दुसऱ्याच्या हद्दीत बळाने शिरावे लागते, आणि शिरण्यामागे बहुधा ताबा मिळवण्याचा इरादा असतो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर केलेल्या स्वारीला इंग्रजीत ‘रेड’ म्हणणे योग्य ठरते ते याच कारणाने, कारण ते शहर ताब्यात ठेवणे हा तिचा हेतू नव्हता.

हे क्रियापद नेहमी निषेधाचेच असते, असे मात्र नाही. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत उतरलेली दोस्त राष्ट्रे फ्रान्सला मुक्त करायला निघाली होती, तरी त्या मोहिमेला ती स्वतःच ‘इन्व्हेजन’ म्हणत. आज कोणतेही सरकार स्वतःबद्दल हा शब्द सहसा वापरणार नाही. २०२२ साली युक्रेनमध्ये सैन्य घुसवताना रशियाने त्याला ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हटले.

व्याकरणाचे थोडक्यात सांगतो: मराठीत आपण देशावर आक्रमण करतो, म्हणून अनेक जण ‘इन्व्हेड’पुढे ‘ऑन’ जोडतात, तेथे कोणतेच शब्दयोगी अव्यय लागत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो या क्रियापदाचा वैद्यकातील वापर, कारण तपासणीच्या अहवालात ‘इन्व्हेसिव्ह’ हा शब्द वाचून घरातली माणसे हादरतात. स्तनाच्या कर्करोगात त्याचा अर्थ इतकाच की ज्या दुग्धनलिकेत किंवा ग्रंथीत पेशी वाढू लागल्या, तिच्याभोवतीचे पातळ पटल ओलांडून त्या शेजारच्या ऊतीत शिरल्या आहेत. ही बाब गंभीर असते आणि उपचारांची दिशा तिच्यावर ठरते, परंतु रोग शरीरात दूरवर पसरला आहे असे त्या शब्दाने सांगितलेले नसते. त्यासाठी डॉक्टर ‘मेटास्टॅटिक’ हा वेगळा शब्द वापरतात.