तीन पानांचा मसुदा आणि ७०० अब्ज डॉलर

२००८ च्या अमेरिकी बेलआउटचा, म्हणजे बुडत्या बँकांना सरकारने दिलेल्या आर्थिक मदतीचा, विषय निघाला की अजूनही दोनच बाजू ऐकू येतात. बँका वाचवल्या नसत्या तर सगळंच कोसळलं असतं, ही एक. नफा त्यांचा आणि तोटा मात्र करदात्यांच्या माथी, ही दुसरी. दोन्हींत तथ्य आहे. पण पैसे कोणत्या वाटेने गेले, कोणत्या भावाने आणि कशाच्या बदल्यात, हे दोन्हीकडे सुटतं. माझ्या मते खरा वाद तिथेच आहे.

आधी घाई कशाची होती ते पाहू. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी रिझर्व्ह प्रायमरी फंड या मनी मार्केट फंडाच्या युनिटचं मूल्य एका डॉलरवरून ९७ सेंटवर आलं, कारण त्याच्याकडे लेहमनचे ७८.५ कोटी डॉलरचे रोखे होते. तीन सेंटची घट किरकोळ वाटते. पण लोक असे फंड बचत खात्यासारखे वापरत, आणि हेच फंड कंपन्यांचं कमर्शियल पेपर, म्हणजे पगार आणि खेळतं भांडवल भागवणारं अल्पमुदतीचं कर्ज, विकत घेत. फंडांतून पैसे काढायला रांग लागली की त्या कंपन्यांची उधारी आटते, मग त्यांचा गृहकर्जांशी काडीचाही संबंध नसो. त्यामुळे काहीच करायला नको होतं, हे म्हणणं मला पटत नाही.

पण सरकारने पुढे काय ठेवलं? अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांचा जेमतेम तीन पानांचा मसुदा. त्यात ७०० अब्ज डॉलरने बँकांची बुडीत गृहकर्जं आणि त्यांच्यावर बेतलेले रोखे विकत घेण्याचा अधिकार मागितला होता. आठव्या कलमानुसार मंत्र्यांच्या निर्णयांची तपासणी कुठलंही न्यायालय किंवा सरकारी यंत्रणा करू शकणार नव्हती. लोक संतापले ते या कलमावर, आणि तो राग रास्त होता. त्याहून मोठी चूक मात्र आकडेमोडीत होती.

समजा एका बँकेची मालमत्ता १०० डॉलरची. त्यातले ९५ ठेवीदारांचे आणि देणेकऱ्यांचे, ५ स्वतःचं भांडवल. मालमत्ता ६ टक्के घसरली की भांडवल संपून बँक उणे होते. सरकारने घसरलेले रोखे बाजारभावाने घेतले तर बँकेला रोकड मिळते, पण खड्डा तसाच राहतो. चढ्या भावाने घेतले तर खड्डा भरतो, पण वरचा फरक ही सरळ देणगी झाली आणि ती खरेदी म्हणून वहीत लपते. लिलावानेही हे सुटत नाही. एकाच जातीच्या दोन रोख्यांमागची कर्जं वेगळी असतात, आणि त्यातलं कुठलं कुजकं हे विकणाऱ्यालाच ठाऊक असतं. तो तेच आधी विकणार. तेच पैसे थेट भांडवल म्हणून घातले, तर घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे एक डॉलरचा खड्डा भरतो आणि हातात शेअर येतात.

२९ सप्टेंबरला अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळलं. त्या दिवशी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी घसरला. ३ ऑक्टोबरला सुधारित विधेयक २६३ विरुद्ध १७१ ने मंजूर झालं. मूळ मसुद्यापासून इथपर्यंत देखरेखीची तरतूद वाढली, रक्कम हप्त्यांनी देण्याचं ठरलं, आणि विधेयक फेटाळल्यानंतर ठेवविम्याची, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणाऱ्या हमीची, मर्यादा १ लाखावरून अडीच लाख डॉलर झाली. विरोधाने देशाचं नुकसान केलं असं सांगितलं जातं, पण कायद्यातल्या कामाच्या बऱ्याच गोष्टी याच ताणातून आल्या.

दहा-अकरा दिवसांतच सरकारने रोखे खरेदी बाजूला ठेवली आणि नऊ मोठ्या बँकांत मिळून १२५ अब्ज डॉलर भांडवल घालायचं ठरवलं. वाट योग्य होती, अटी ढिल्या. प्रेफरन्स शेअर, म्हणजे ठरलेला लाभांश इतर भागधारकांच्या आधी मिळणारे शेअर, त्यावर पहिली पाच वर्षं ५ टक्के लाभांश, नंतर ९. शिवाय गुंतवणुकीच्या १५ टक्के रकमेचे वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क. याच्या जेमतेम तीन आठवडे आधी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी गोल्डमन सॅक्स या बँकेत ५ अब्ज घातले होते ते १० टक्क्यांनी, आणि तेवढ्याच रकमेचे वॉरंट घेऊन. ब्रिटनच्या सरकारने आपल्या बँकांकडून प्रेफरन्स शेअरवर १२ टक्के घेतले. अमेरिकेत भाव इतका कमी का? धडधाकट बँकाही सामील झाल्या नाहीत, तर पैसे घेणाऱ्यावर आजारी असल्याचा शिक्का बसेल, ही भीती होती. म्हणून सगळ्यांना परवडेल अशी अट सगळ्यांना लावली. एलिझाबेथ वॉरन यांच्या संसदीय देखरेख समितीने फेब्रुवारी २००९ मध्ये हिशेब मांडला: बँकांना आणि एआयजी या विमा कंपनीला मिळून सरकारने दिले २५४ अब्ज, मिळालेल्या कागदांची किंमत सुमारे १७६ अब्ज.

एआयजीचं प्रकरण याहून बोचणारं आहे. तिच्याशी विम्यासारखे करार केलेल्या बँकांना सरकारी पैशातून पूर्ण १०० टक्के चुकतं करण्यात आलं. दिवाळखोरीत घासाघीस झाली असती. तीच सवलत घर जप्त होणाऱ्या कर्जदाराला कुणी दिली नाही. गृहकर्जाचे हप्ते कमी करण्याची योजना ३० ते ४० लाख कुटुंबांसाठी जाहीर झाली आणि त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचली नाही.

बँकांतले पैसे मात्र परत आले, वर नफाही झाला. फक्त बँकांना २४५ अब्ज गेले, सुमारे २७५ अब्ज आले. बचाव करणारे इथे थांबतात. पण कोसळण्याच्या काठावर उभ्या असलेल्याला दिलेल्या पैशाचा मोबदला त्या जोखमीच्या मानाने मोजायला हवा. नुसते मुद्दल सुटले की नाही, एवढंच पाहून चालत नाही.

वॉरंटांच्या बाबतीत हे स्वच्छ दिसलं. पहिल्या ११ बँकांनी आपले वॉरंट सरकारकडून परत घेतले, ते समितीच्या अंदाजाच्या ६६ टक्के किमतीत. समितीने जुलै २००९ मध्ये हा आकडा जाहीर केला. त्याच महिन्यात गोल्डमनने आपल्या वॉरंटांसाठी १.१ अब्ज मोजले. जेपी मॉर्गनचं सरकारशी भावावर जमलं नाही, तेव्हा तिचे वॉरंट डिसेंबरमध्ये जाहीर लिलावात गेले आणि तिजोरीत सुमारे ९५ कोटी डॉलर जमा झाले.