कालवडी, कोरडे मळे आणि युरियाचा पेंढा

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात भातकापणीनंतर मळे चरायला मोकळे होतात आणि पौषापर्यंत त्यांत सुकलेल्या खुंटांशिवाय फारसे काही उरत नाही. पावसाळ्यात तरारलेल्या कालवडींची वाढ दर वर्षी याच दिवसांत खुंटत असे. पोट भरलेले दिसे, पण खुब्याची हाडे वर येत. खाद्याच्या दुकानात यीस्ट, यकृताचे टॉनिक, खनिज मिश्रण असे काही ना काही पुढे केले जाई. गेल्या हंगामात मात्र पैसे नेमके कशावर घालायचे, हे मी पशुवैद्यांना विचारूनच ठरवले.

त्यांचे म्हणणे असे, की भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात आणि चाऱ्यातले हे प्रमाण ७ टक्क्यांच्या खाली गेले, की कोठीपोटात, म्हणजे जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, चारा पचवणाऱ्या जिवाणूंनाच प्रथिनांतून मिळणारे नत्र पुरत नाही. मग पेंढा पोटात रेंगाळतो आणि जनावर खातेही कमी. परदेशात मांसासाठी वाढवायच्या जनावरांना देतात त्या मोनेन्सिन या खाद्यात मिसळायच्या औषधाबद्दलही मी विचारले. त्याने चाऱ्यातली ऊर्जा अधिक कामी येते, पण नत्राची उणीव भरत नाही, हे कळल्यावर तो विषय तिथेच संपला.

मग नत्राची ती उणीव भरायला १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, या मापाने काम सुरू केले. खडा राहू न देण्याचा कटाक्ष महत्त्वाचा, कारण एका जागी साचलेला युरिया जनावराच्या जिवावर बेततो. पेंढ्याचा एकेक थर पसरून झारीने पाणी शिंपडले, पायांनी दाबला आणि ढीग प्लास्टिकने हवाबंद करून तीन आठवडे ठेवला. उघडताना अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी आले; पिवळा पेंढा तपकिरी होऊन हाताला मऊ लागत होता. रोज लागेल तेवढाच काढून तो तासभर वाऱ्यावर पसरायचा, हा नेम झाला. कालवडींनी आधी नुसता हुंगला आणि तोंड फिरवले, म्हणून आठवडाभर साध्या पेंढ्यात थोडा थोडा मिसळून सवय लावली. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो अजिबात दिला नाही.

सोबत खोबऱ्याची थोडी पेंड आणि तिच्यातच खनिज मिश्रण चालू ठेवले, कारण नत्र वापरायला जिवाणूंना ऊर्जाही लागते. चैत्रात फितीने मोजलेला छातीचा घेर आदल्या मापापेक्षा वाढलेला होता. टॉनिकच्या बाटल्या मात्र पुन्हा आणल्या नाहीत.